सिंहगडावरून आष्टा दिसत नव्हते

सांगली जिल्ह्यातील आष्टा येथे आज कोणीही संगणकावर ब्राउझर उघडून मुंबई दूरदर्शनचा एखादा जुना कार्यक्रम पाहू शकतो. तो कार्यक्रम प्रथम प्रक्षेपित झाला, तेव्हा मात्र आष्टेकरांना तो पाहणे जवळजवळ अशक्य होते.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पृथ्वीची वक्रता आणि डोंगर त्यांना अडवतात. म्हणून १९७३ मध्ये पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारावे लागले. तेथून आष्टा दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर. ‘गजरा’, चिं. वि. जोशींच्या कथांवरील ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही मालिका यांची चर्चा मुंबई-पुण्यात रंगत असताना कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात त्यांची वार्ताच काय ती पोहोचत होती. ‘आमची माती आमची माणसं’ हा तर शेतकऱ्यांचा कार्यक्रम. तरीही तो आधी पाहिला शहरांनी!

पुढे १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने पसरले. परंतु हे प्रक्षेपक प्रामुख्याने दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावरून घेऊन पुढे पाठवीत. त्यामुळे महाराष्ट्राच्या अनेक लहान गावांत दूरचित्रवाणी प्रथम अवतरली ती हिंदीतून. ‘हमलोग’ घरोघरी पोहोचली. मुंबईची मराठी त्या मानाने दूरच राहिली.

अंतराचा हा प्रश्न अखेर इंटरनेटने सोडवला. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले, तेव्हा ब्राउझरमध्ये चित्रफीत चालवण्यासाठी ‘फ्लॅश’ हे वेगळे सॉफ्टवेअर लागे. नंतर ब्राउझर स्वतःच ते काम करू लागले. संपूर्ण चित्रफीत आधी उतरवून घेण्याची गरज उरली नाही. सर्व्हरवर तिचे काही सेकंदांचे तुकडे असतात, प्रत्येक तुकडा कमी-अधिक स्पष्टतेच्या अनेक आवृत्त्यांत. जोडणी मंदावली की ब्राउझर पुढचा तुकडा हलक्या प्रतीचा मागवतो. चित्र धूसर होते, पण थांबत नाही. येथे सह्याद्रीचे कडे आड येत नाहीत. दूरदर्शन सह्याद्री आणि प्रसार भारतीचे अभिलेखागार यांनी जुने ध्वनिचित्रमुद्रण याच मार्गाने खुले केले आहे.

मात्र ब्राउझर दाखवणार ते शिल्लक असलेलेच. त्या काळी चित्रफिती महाग होत्या. प्रक्षेपणानंतर त्या पुसून त्यांवर नवे मुद्रण करण्याची रीत होती. दूरदर्शनचे कितीतरी कार्यक्रम असे नाहीसे झाले. ही केवळ आपल्याकडची अनास्था, असे मानणे अन्यायाचे ठरेल. बीबीसीनेही तेच केले. ‘डॉक्टर हू’ या तिच्या गाजलेल्या मालिकेचे नव्वदच्या आसपास भाग आजही बेपत्ता आहेत. एका अर्थी ब्रिटिश रसिक सुदैवी, कारण त्या भागांचे आवाज तरी प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवले होते.

मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांकडे पुसल्या गेलेल्या कार्यक्रमांची निदान आठवण आहे. आष्ट्यासारख्या गावांनी ते तेव्हा पाहिले नाहीत, आणि आता घरात वेगवान जोडणी आली असताना मागवायला ती चित्रफीतच उरलेली नाही.