समुद्रकाठ की नदीकाठ?

स्मरणिका समितीनं मला ‘आपल्या परिसराचा इतिहास’ हा विषय दिला. संस्थानाचा आणि नाट्यपंढरीचा इतिहास सांगलीकरांना पाठ आहे, त्यामुळे तो पुन्हा सांगत नाही. आपल्या जिन्यात, कट्ट्यावर आणि वार्षिक सभा संपल्यावरच्या चहाला गेली काही वर्षं एकच वाद रंगतो. इथं राहायचं की फ्लॅट विकून मुंबईला मुलांकडं जायचं? २०१९ नंतर हा वाद नुसता गप्पांचा राहिलेला नाही. तळमजल्यावरच्या दोन कुटुंबांनी तो निकालात काढून घर बदललंसुद्धा. म्हणून म्हटलं, या वादाचाच थोडा इतिहास लिहावा.

आपल्यातले निम्मे लोक मुंबईत नोकरी करून निवृत्तीनंतर इथं आलेले, आणि उरलेल्या निम्म्यांची मुलं आज मुंबई-ठाण्यात. हे काही आजकालचं नाही. सातारा आणि सांगली हे मुळात एकच. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. या सगळ्या पट्ट्यातून माणूस मुंबईला गेला तो मुख्यतः पावसामुळं. माण, खटाव, आटपाडी, जत इथं पाऊस पडत नाही म्हणून गेला. पाटण, जावळीत पाऊस एवढा पडतो की डोंगरउतारावरच्या तुकड्यात भाताखेरीज फारसं काही हाती लागत नाही, म्हणून गेला. लालबाग-परळच्या गिरण्यांत, गोदीत आणि मशीद बंदरच्या बाजारात पाठीवर पोती वाहायला हीच माणसं होती. या ओझं वाहणाऱ्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला तो त्यांच्या लढ्यामुळं.

मुंबईत वर्षाला साधारण सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दहिवडी किंवा जतकडच्या माणसाला गावाकडं पाचशेच्या आसपास पाहायची सवय. त्यानं जून महिन्यात चाळीच्या गॅलरीतून पहिला पाऊस पाहिला की तो घाबरायचा, असं आमच्या वडिलांच्या पिढीचे लोक सांगत. पाटणचा माणूस मात्र हसायचा, कारण त्याच्या कोयनेच्या खोऱ्यात याच्या दुप्पट पडतो.

समुद्रकाठच्या संसाराचे हाल आपल्या बायकांनीच जास्त सोसले. मिठाला पाणी सुटायचं, पापड सादळायचे, गोधड्यांना कुबट वास, कपाटातल्या चांगल्या साड्यांवर बुरशी, आणि चार महिने खोलीभर दोऱ्या बांधून वाळत घातलेले कपडे. लोखंडी खाटेचे पाय दोन वर्षांत गंजायचे. पण दुसरी बाजूही त्याच सांगत: उन्हाळ्यात सांगलीसारखं चाळिशीच्या वर पारा नाही, थंडीत कुडकुडणं नाही, नळाला पाणी ठरल्या वेळी, आणि महत्त्वाचं म्हणजे पाऊस पडो न पडो, महिन्याचा पगार ठरलेला. दुष्काळी गावाच्या हिशोबात ही शेवटची गोष्ट बाकी सगळ्याला भारी पडते. १९८२ च्या गिरणी संपानंतर तो पगारही गेला आणि कितीतरी कुटुंबं गावाकडं परतली. आपल्याकडच्या काही सभासदांच्या घरची गोष्ट तीच आहे.

आता २००५ सालाकडं येऊ. २६ जुलै, मंगळवार. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभराच्याही खाली, म्हणजे एकाच शहरात एक टोक बुडालं आणि दुसऱ्या टोकाला लोक छत्री घेऊन नेहमीसारखे ऑफिसला गेले. मुंबई ही सात बेटांमधली खाडी भरून तयार केलेली जमीन. भरतीच्या वेळी पाऊस आला की नाल्यांच्या तोंडाशी समुद्रच उभा राहतो, पाण्याला जायला वाट उरत नाही. त्यात मिठी नदीचं पात्र भराव टाकून आणि झोपड्या-कारखान्यांनी आवळत नेलेलं. त्या रात्री आपण सगळे इथून फोन लावत बसलो होतो. लागत एकही नव्हता.

आणि गंमत पाहा, गंमत म्हणवत नाही खरंतर. पुढच्या काही दिवसांतच मुंबईची मुलं इथं फोन लावू लागली, कारण कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५३ फुटांच्या वर गेलं होतं. ढग तेच. कोकणातून घाट चढून ते सातारच्या डोंगरावर रिते झाले आणि तिथलं पाणी आपल्या दारात आलं.

सांगलीचा पूर समजून घ्यायचा तर सांगलीच्या आकाशाकडं पाहून उपयोग नाही. आपल्या शहरात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढ्यात पूर येत नसतो. महाबळेश्वरला मात्र साडेपाच हजारांच्या पुढं. २०२१ च्या जुलैमध्ये तर तिथं एका दिवसात ५९४ मिलिमीटर झाला. सांगलीचा अख्ख्या वर्षाचा पाऊस एका दिवसात! कृष्णा महाबळेश्वराहून निघते, वाईवरून येते, माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना आणि इथं हरिपूरला वारणा. सातारा जिल्ह्यातलं धोम, कोयना आणि आपल्या बाजूचं चांदोलीचं वारणा धरण यांचे दरवाजे उघडले की ते पाणी कुठं जाणार? आपल्याकडं कडक ऊन पडलेलं असतानाही नदी चढत असते. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे खरं वाटत नाही.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कोयनेचं सगळं पाणी आपल्याकडं येत नाही. बराच भाग डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडं जातो, वीज तयार करतो आणि वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून समुद्राला मिळतो. मुंबईच्या गाड्या आणि दिवे चालायला कोयनेच्या विजेचा हातभार आहे. म्हणजे समुद्रकाठ आणि नदीकाठ यांचं भांडण लावणारे आपण, पण दोघांचं पाणी एकाच माठातलं.

मग आपल्या पूर्वजांनी नदीला इतकं चिकटून गाव का वसवलं? थोरले चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि १८०१ च्या सुमारास त्यांनी सांगली ही राजधानी केली. किल्ला, पेठा, पुढं गणपती मंदिर, सगळं नदीच्या आसपास. साताऱ्याचं उलट. शाहू महाराजांचं सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला वसलं. तिथं कृष्णेचा पूर गावात येणं शक्य नाही, पण पाणी मात्र कासच्या तलावातून यवतेश्वराच्या बाजूनं आणावं लागलं. सातारकरांनी उंची निवडली आणि पाण्यासाठी खटाटोप केला. आपण पाणी निवडलं. कोणाचं बरोबर याचा निकाल दोनशे वर्षांत लागलेला नाही.

नदीनं आपल्याला दिलं काय, तर मळीची जमीन, ऊस, भाजीपाला आणि बाजारपेठ. आणि हवा कोरडी. या कोरड्या हवेची किंमत मुंबईत राहून आलेल्यालाच कळते. सांगलीची हळद आणि तासगावचा बेदाणा हे कोरड्या हवेचेच पदार्थ. शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं पसरून महिन्याच्या आत बेदाणा तयार होतो; असा उद्योग दादर-परळला करून बघा! हरिपूरच्या पेवांचंही तसंच. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. तिथल्या मातीचाच तो गुण. पण २००५ च्या पुरात त्याच पेवांत पाणी शिरलं, हळद सडली आणि पेवांचा धंदा मोडकळीला आला. नदीच्या जमाखर्चात जमा आणि खर्च एकाच पानावर येतात ते असे.

ही नदी नेहमी शत्रू होती असंही नाही. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून तटावरून उड्या मारून पळाले, ते भर पावसाळ्यात, नदीच्याच दिशेनं. दादांना गोळी लागली, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. गावभागातली जुनी माणसं पुराच्या गोष्टी सांगता सांगता या गोष्टीवर हमखास येतात.

आयर्विन पूल १९२९ चा. ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, हे आकडे आपल्याकडं शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतात. आपल्या सोसायटीची नोंदणी १९९९ ची. जागा घेताना ‘इथं पाणी येत नाही’ असं आम्हाला सांगण्यात आलं होतं, आणि सांगणारा अगदीच खोटं बोलत नव्हता. त्याच्या पाहण्यात आलं नव्हतं. नकाशावर नदीकाठाला निळी रेषा आणि लाल रेषा असते. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. आपला आज रौप्यमहोत्सव, म्हणजे बरोबर पंचवीस वर्षं. हिशोबानं एक मोठा पूर वाट्याला यायला हवा होता. आले किती? २००५, लगेच २००६, मग २०१९ ला ५७ फुटांच्या वर आणि २०२१ ला पुन्हा ५४ च्या वर. सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड, दत्तनगर इथल्या लोकांना तर एवढी उंचीही लागत नाही. धोका पातळीच्या आधीच त्यांची बोचकी बांधून तयार असतात.

पूर आला की आपल्याकडं अलमट्टीचं नाव निघतं. ते धरण आपल्यापासून दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब कर्नाटकात आहे. २०१९ च्या पुरानंतर शासनानं नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचं मुख्य कारण अलमट्टी नसून अतिवृष्टी आणि नदीपात्रातले अडथळे असल्याचं म्हटलं. पुष्कळांना ते आजही मान्य नाही. माझं मत विचाराल तर अलमट्टीची उंची वाढवायला विरोध जरूर करावा, पण त्या नावाखाली आपल्या ओढ्या-नाल्यांवर काय बांधलं गेलं ते झाकू नये. मिठीची गोष्ट आपण मुंबईला जाऊन चवीनं सांगतो आणि शामरावनगरात पाऊस पडला की गुडघाभर चिखल का होतो, ते विचारत नाही.

या दोन पाण्यांत एक मोठा फरक आहे, तो दोन्हीकडं राहिलेल्यांना लगेच पटेल. मुंबईचं पाणी न सांगता येतं. तासाभरात रस्ता जातो, आणि ओहोटी लागली की बहुतेक वेळा सहा-आठ तासांत उतरतंही. आपली कृष्णा सांगून येते. कोयनेचा विसर्ग किती, आयर्विनला किती फूट, कराडला किती, हे मोबाईलवर पाहत आपल्याला एक रात्र तरी मिळते. फ्रीज वर नेता येतो, म्हाताऱ्यांना हलवता येतं. पण एकदा आली की पाहुणी आठवडा आठवडा हलत नाही. २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून बायका-मुलं बुडाली ती पाणी अचानक आल्यामुळं नव्हे. चढत्या पाण्यात लोक घर सोडायला उशिरापर्यंत तयार झाले नाहीत आणि पुरेशा बोटी नव्हत्या. सांगून येणाऱ्या पाण्याला आपण ऐकून घेत नाही, हा आपला दोष. मुंबईकराला ऐकायला वेळच मिळत नाही.

आपल्या इमारतीत त्या ऑगस्टमध्ये पार्किंग बुडालं, तळमजल्यावर खिडकीच्या चौकटीपर्यंत पाणी आलं, आणि मीटरचा बोर्ड पाण्यात गेल्यामुळं वरचे तिन्ही मजले कोरडे असूनही आठ दिवस अंधारात राहिले. पिण्याच्या पाण्याचे जार गच्चीवरून दोरीनं ओढून घेतले. चारही बाजूंनी पाणी आणि प्यायला थेंब नाही, हे मुंबईतही कुणी अनुभवलं नव्हतं. मुंबईहून मुलगा ‘आता तरी या’ म्हणाला आणि शेजारच्या काकू फोनवरच म्हणाल्या, “तुझ्याकडं लिफ्ट बंद पडली तर मी अठराव्या मजल्यावर काय करू?”

दुसऱ्या बाजूचं एक सांगायलाच हवं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा रेल्वेच्या टाक्या भरल्या त्या मिरजेत, आपल्याच कृष्णेच्या पाण्यानं. म्हैसाळ आणि टेंभू योजनांनी हेच पाणी उपसून जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडं नेलं. आपण नावं ठेवतो त्या नदीकडं जिल्ह्यातली पूर्वेकडची गावं आशेनं डोळे लावून बसतात. पुराचं वाया जाणारं पाणी तिकडं वळवावं अशी मागणी होते, ती मला तरी रास्त वाटते.

तेव्हा हिशोब मांडायचा तर घराघराचा वेगळा निघेल. गुडघेदुखी आणि दम्याचा त्रास असणाऱ्याला मुंबईची दमट हवा सोसत नाही, त्यानं इथंच राहावं. ज्यांना तातडीच्या उपचारांची गरज वरचेवर पडते, त्यांना तळमजल्यावर ठेवून पुराची वाट पाहणं मला धोक्याचं वाटतं. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी ‘आम्हाला काय’ म्हणायचं दिवस मात्र २०१९ ला संपले.

मीटरचा बोर्ड आणि पाण्याचा पंप पहिल्या मजल्याच्या उंचीवर घेण्याचा ठराव गेल्या दोन सभांत खर्चाच्या मुद्द्यावर पुढं ढकलला गेला. जिन्याजवळच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण रंग देताना बुजवू नका, असं रंगाऱ्याला सांगितलं होतं; ती अजून आहे. सप्टेंबरच्या सभेला येताना प्रत्येकानं ती एकदा पाहून वर यावं.