वसंतातली पक्षीफेरी : नंदुरबारच्या रानात नवख्यांनी काय बघावं, काय टाळावं

नंदुरबार : होळी जवळ आली की सातपुड्यात साग बोडका होतो, पळस फुलतो आणि फांदीवर बसलेला पक्षी लांबूनही स्पष्ट दिसतो. पक्षी ओळखायला शिकायचं असेल तर फाल्गुन-चैत्राचे हे दिवस सगळ्यात सोपे. जगभरच्या पक्षीतज्ज्ञांना या जिल्ह्यातला शहादा तालुका माहीत आहे, तोही एका मैनेएवढ्या घुबडामुळे. ११३ वर्षं ज्याची एकही खात्रीची नोंद नव्हती तो रानपिंगळा २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला.

गावातल्या शाळा, तरुण मंडळं किंवा चार-पाच मित्र मिळून पक्षीफेरी काढणार असतील, तर ही माहिती त्यांच्यासाठी.

पक्षीफेरी म्हणजे काय?

जाणकार माणसासोबत सकाळी दोन-तीन तास हळूहळू चालायचं, थांबायचं, ऐकायचं आणि दिसलेला पक्षी वहीत लिहायचा, एवढंच. एका फेरीत दहा-बारा माणसं पुरे. जास्त झाली की बोलणं वाढतं आणि पक्षी उडतात.

जाणकार म्हणजे पदवीवालाच हवा असं नाही. गुरं चारणारा, मोहफुलं वेचणारा, रात्री शेत राखणारा माणूस अनेक पक्षी आवाजावरून ओळखतो. त्याच्याकडे पुस्तकातली नावं नसतील, पण पक्षी कुठे बसतो, काय खातो, घरटं कधी करतो हे त्याला ठाऊक असतं. भिली, पावरी, मावची, अहिराणीत त्या पक्ष्याला काय म्हणतात तेही वहीत लिहावं. ही नावं सहसा पुस्तकात सापडत नाहीत.

वसंतातच का?

पहिलं कारण फुलं. पळस, काटेसावर आणि पांगारा फुलले की मधासाठी आणि किड्यांसाठी पक्ष्यांची रीघ लागते. फुललेल्या एका पळसाखाली अर्धा तास बसलं तरी शिंजीर, बुलबुल, कोतवाल, मैना दिसतात. काटेसावरीवर भोरड्यांचे थवे उतरतात. दादर ज्वारीवर पडणाऱ्या गुलाबी-काळ्या भोरड्या शेतकऱ्यांच्या ओळखीच्या आहेत. त्या मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात. त्या दाणे खातात, तसे टोळ आणि नाकतोडेही फस्त करतात.

दुसरं कारण विणीचा हंगाम. नर गाऊ लागतात, रंग खुलतात, घरटी बांधली जातात. त्यामुळे पक्षी शोधणं सोपं होतं, आणि त्यांना त्रास होण्याची भीतीही याच दिवसांत जास्त असते.

सुरुवात या पक्ष्यांपासून

तांबट : हिरवा, कपाळावर लाल ठिपका. तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारावी तसा ‘टुक टुक’ आवाज. वाळलेल्या फांदीत भोक करून घरटं करतो.

शिंजीर : चिमणीपेक्षा लहान, चोच बाकदार. विणीच्या काळात नर काळा-जांभळा चमकतो. घरटं लोंबतं.

कोकीळ : गातो तो काळा नर. मादी तपकिरी, ठिपक्यांची असते. अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते.

पावशा : उन्हाळा वाढला की ओरडतो. शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येतं.

नीलपंख : तारेवर बसलेला मळकट दिसतो, उडाला की पंख निळे. वसंतात नर हवेत उंच जाऊन कोलांट्या मारतो.

टिटवी : अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांसारखीच दिसणारी. ती डोक्यावरून ओरडत फिरू लागली तर पायाखाली बघावं आणि मागे फिरावं.

हरियाल : महाराष्ट्राचा राज्यपक्षी. वड, पिंपळ, उंबर पिकले की पहाटे तिथे शोधावा. पानात इतका मिसळतो की हलल्याशिवाय दिसत नाही.

राखी धनेश : मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपते आणि फक्त एक फट ठेवते. त्या फटीतून नर तिला आणि पिलांना भरवतो. या दिवसांत गिलोलीने एक नर पडला तर ढोलीतलं सगळं कुटुंब उपाशी राहतं.

पिंगळा की रानपिंगळा?

नवख्यांचा हमखास गोंधळ इथेच होतो. गावाजवळ, चिंचेच्या किंवा आंब्याच्या ढोलीत राहणारा, संध्याकाळी कलकलाट करणारा तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके भरपूर असतात. मानेमागे पांढरट पट्टा असतो.

रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं आणि मोठं दिसतं. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे असतात, पोटाचा मधला भाग पांढरा आणि पायांवर दाट पांढरी पिसं. तो सागाच्या रानात राहतो आणि घुबड असूनही दिवसा शिकार करतो. सकाळच्या उन्हात बोडक्या झाडाच्या शेंड्यावर बसतो, शेपटी हलवतो. सरडे, उंदीर, किडे हे त्याचं खाणं.

म्हणून नियम सोपा : आधी साधा पिंगळा नीट पाठ करावा. ज्याला गावचा पिंगळा शंभर वेळा बघून माहीत आहे, त्यालाच ‘हा वेगळा’ हे एका नजरेत कळतं.

तो हरवला कसा, सापडला कसा

या पक्ष्याचा पहिला नमुना एफ. आर. ब्ल्यूइट यांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडातून मिळवला. पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याला ब्ल्यूइट यांचं नाव दिलं. नंतर जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशातून काही नमुने जमवले. १८८४ नंतर खात्रीची नोंद नाही.

मध्ये एक घोटाळा झाला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातमधल्या मांडवीजवळ हा पक्षी मिळवल्याचं सांगितलं होतं. पामेला रासमुसेन यांच्या तपासणीत उघड झालं की तो नमुना मुळात डेव्हिडसन यांचा, ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला आणि नव्याने भरलेला होता. खोटी जागा बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे अमेरिकन अभ्यासक जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागे गेले आणि शहाद्यापर्यंत आले. डोक्यावर आणि पाठीवर ठिपके नाहीत, यावरूनच त्यांची खात्री पटली.

पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांना तोरणमाळ आणि तळोदा परिसरात, तसंच मेळघाटात हे पक्षी मिळाले. ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही २०१४ मध्ये नोंद झाली. तरी जगभरात प्रौढ रानपिंगळे हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. आंतरराष्ट्रीय यादीत तो २०१८ पासून ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे. त्याआधी ‘अतिसंकटग्रस्त’ होता.

कुठे जायचं?

पहिली फेरी गावातच करावी : गावकूस, मळा, नाला, शाळेचं आवार. दुसरी पाण्याकडे. प्रकाशा आणि सारंगखेडा इथे तापीच्या बॅरेजमुळे साचलेल्या पाण्याच्या कडेला बगळे, पाणकावळे, खंड्या, टिटव्या बघता येतात. तिसरी रानात, शहाद्याहून तोरणमाळकडे किंवा तळोदा-अक्कलकुव्याच्या डोंगरपायथ्याला. राखीव जंगलात शिरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि वनरक्षकाला सोबत घेता आलं तर उत्तम.

वेळ सूर्योदयापासून साडेनऊपर्यंत. त्यानंतर ऊन चढतं, पक्षी सावलीला जातात. तळोदा-अक्कलकुवा पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. म्हणून अंधारात निघू नये आणि उसाच्या कडेने एकट्याने जाऊ नये.

सोबत काय घ्यावं?

पाणी, टोपी, मळकट रंगाचे कपडे, वही-पेन. दुर्बीण गटात एक असली तरी चालते. ८ बाय ४२ म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. नवख्याला ती हातात स्थिर धरता येते. मोबाईलवर ‘मर्लिन’ हे मोफत अ‍ॅप आवाज आणि फोटोवरून पक्षी सुचवतं. अक्राणीत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून भारताचा पॅक घरीच डाऊनलोड करावा. अ‍ॅप चुकतंही. ते सांगेल ते डोळ्यांनी पडताळून मगच लिहावं.

हे टाळावं

- मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. विणीच्या दिवसांत त्याला वाटतं दुसरा नर घुसला. तो घरटं सोडून धावतो आणि अंडी-पिलं उघडी पडतात.
- घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नये, आडवी फांदी तोडू नये. माणूस जिथे थांबतो तिथे कावळाही बघत असतो.
- रानपिंगळ्याची किंवा कुठल्याही घरट्याची जागा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये. फोटो, तारीख, वेळ, गाव आणि झाड लिहून वनविभागाला कळवावं.
- मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखाली आग लावू नये. पाला झाडून घेतला तरी काम होतं. वणवा गेला की जमिनीवरची अंडी जातात आणि घुबडांना लागणारी जुनी ढोलीची झाडंही जळतात.
- वाळलेलं, पोकळ झाड सरपणासाठी तोडण्याआधी ढोलीत कुणी राहतं का बघावं.

अपशकुन आणि कायदा

पिंगळा ओरडला की वाईट होतं, या समजुतीपायी घुबडं मारली जातात. काही ठिकाणी जादूटोण्यासाठी विकलीही जातात. प्रत्यक्षात घुबड शेतातले उंदीर खातं. रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणं, पकडणं किंवा त्याचं घरटं मोडणं यासाठी ३ ते ७ वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. शिकार, वणवा किंवा जखमी पक्षी दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवता येतं.

नोंद पुढे न्यावी

एका फेरीत पंधरा पक्षी ओळखता आले तर सुरुवात चांगली झाली. तीच वाट दर पंधरा दिवसांनी, तेवढाच वेळ चालून नोंद ठेवली तर दोन-तीन वर्षांत गावाला कळतं की कोणता पक्षी वाढला आणि कोणता दिसेनासा झाला. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा जन्मदिवस. वसंतात सुरू केलेली वही त्या आठवड्यात शाळेत किंवा ग्रामसभेत वाचून दाखवता येईल. डेव्हिडसनच्या खऱ्या नोंदीमुळे रानपिंगळा सापडला, आणि खोट्या नोंदीने त्याचा शोध भलतीकडे नेला होता. गावच्या वहीतही जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहावं.