हवा नसलेल्या जागी वाढणारी गाठ

आज आपण स्वादुपिंडाच्या कॅन्सरबद्दल बोलणार आहोत, आणि तो ओळखायला माणसं कशी शिकत गेली त्याबद्दलही.

स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे आडवी पडलेली, वीतभर लांबीची ग्रंथी. साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन तिथंच तयार होतं आणि अन्न पचवणारा रसही. तिथली गाठ इतकी आत असते की हाताला लागत नाही. उशिरा कळते, आणि कळल्यावरही औषधाला लवकर दाद देत नाही. असं का होतं? त्याचं एक कारण असं की त्या गाठीच्या पोटात हवा, म्हणजे रक्तातून येणारा प्राणवायू, नीट पोचतच नाही.

हवेवाचून जगणं म्हणजे काय, हे आपल्या चांदा-गडचिरोलीच्या बाईला वेगळं सांगायला नको. मोहफुलांचा सडवा तोंड बांधून ठेवला की काही दिवसांत फसफसतो. त्यातले बारीक जीव हवा न घेता फुलांतली साखर फोडून जगतात आणि त्याची दारू होते. (गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि त्या लढ्यात बाया पुढे होत्या. तरी सडवा कसा असतो ते साऱ्यांनाच ठाऊक!)

१९२० च्या दशकात जर्मनीत ओटो वारबुर्ग या शास्त्रज्ञाला दिसलं की कॅन्सरच्या पेशीही साखर जवळपास अशीच फोडतात. फरक इतकाच की दारूऐवजी आम्ल तयार होतं, आणि हवा असली तरी त्या हेच करतात. पेशीचा श्वास बिघडला म्हणूनच कॅन्सर होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते पुढे टिकलं नाही, पण त्यांनी पाहिलेलं खरं ठरलं. १९५५ साली इंग्लंडमध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या गाठी कापून पाहिल्या. रक्तवाहिनीपासून जेमतेम दोन केसांच्या जाडीएवढं लांब गेलं की पेशी मेलेल्या. त्यांच्या अलीकडे अर्धवट गुदमरलेल्या, पण जिवंत पेशी असू शकतात, आणि विजेचे शेक म्हणतात त्या किरणांच्या उपचाराला अशाच पेशी दाद देत नाहीत.

हे सगळं बारकाईनं पाहायचं तर पेशी शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत जगवता आल्या पाहिजेत. आपल्या देशात त्यासाठीची पहिली प्रयोगशाळा मुंबईत उभी केली ती कमल रणदिवे यांनी. १९१७ साली पुण्यात जन्म, हुजूरपागेत शाळा, १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, जॉर्ज गाय यांच्याकडे त्या पेशी वाढवायला शिकल्या. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब काळ्या बाईच्या गाठीतल्या पेशी वाढल्या. त्या आजही जगभर वाढतात. लॅक्सबाई तंबाखूच्या शेतात राबलेल्या. पेशी घेताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विज्ञानाचा इतिहास सांगताना ही गोष्ट गाळू नये असं आम्हाला वाटतं. रणदिवेबाईंनी परत येऊन उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरवर काम केलं, १९७३ साली भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला, आणि निवृत्तीनंतर खेड्यापाड्यांतल्या बायांना आरोग्याचं काम शिकवलं.

त्याच बाल्टिमोरच्या विद्यापीठात १९९२ साली ग्रेग सेमेन्झा आणि गुआंग वांग यांना पेशीतला हवेचा पहारेकरी सापडला. हे एक प्रथिन आहे. हवा असली की पेशी ते लगेच मोडून टाकते. हवा कमी झाली की ते टिकतं आणि हुकूम सोडतं: नव्या रक्तवाहिन्या आणा, साखर जास्त ओढा. डोंगर चढताना हे आपल्या कामाचं आहे. गाठ मात्र तोच हुकूम स्वतःसाठी वापरते.

यात आणखी एक भिडू निघाला, मायक्रो-आरएनए. आपल्या गटाचं मूळ रजिस्टर कपाटात असतं आणि रोजच्या कामाला त्यातून चिठ्ठी लिहून देतो, तसंच पेशीत चालतं. मायक्रो-आरएनए हा त्या चिठ्ठीवर चिकटणारा बारीक तुकडा. तो चिकटला की चिठ्ठी वाचली जात नाही, काम थांबतं. १९९३ साली एका मिलिमीटरभर किड्यात तो सापडला. त्या निबंधावर पहिलं नाव रोझालिंड ली या बाईंचं होतं. २०२४ चं नोबेल मिळालं ते त्यांचे पती व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना.

या तुकड्यांना नंबर असतात. २१० नंबरचा तुकडा हवेच्या पहारेकऱ्याच्या हुकमानंच वाढतो आणि पेशीचा श्वास आणखी मंद करतो. म्हणजे गाठ हवेवाचून राहायला सरावते. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रोग्यांच्या रक्तात हा तुकडा वाढलेला असल्याचं २०१० साली प्रसिद्ध झालं.

या गाठीभोवती चिवट धाग्यांचं कुंपण असतं. रक्तवाहिन्या त्यात दबतात, हवा पोचत नाही आणि औषधही. मग कुंपण तोडलं तर? उंदरांत २००९ साली ते जमलं. माणसांवर करून पाहिलं तेव्हा रोग्यांची तब्येत उलट जास्त बिघडली आणि २०१२ साली ती चाचणी थांबवावी लागली. कुंपण गाठीला अडवूनही धरत होतं, हे मागाहून कळलं. हवा नसलेल्या जागीच जागं होणारं एक औषधही निघालं होतं. २०१५ च्या मोठ्या चाचणीत तेही थोडक्यात कमी पडलं.

म्हणून सध्या वेळेवर ओळखण्यालाच मोल आहे. मोठ्या वयाच्या माणसाला दुखल्याखुपल्याशिवाय कावीळ झाली, लघवी गडद, शौच पांढुरकं, अंगाला खाज, वजन उतरतंय, कधी नव्यानंच साखर निघालेली, तर ती नेहमीची कावीळ नसू शकते. गाठ पित्ताची नळी दाबत असेल. आपल्याकडे कावीळ म्हटली की माळ घालतात, पुजाऱ्याकडे नेतात, आणि त्यात महिना निघून जातो. अशा माणसाला आधी सरकारी दवाखान्यात न्या आणि पोटाची सोनोग्राफी करायची का, हे डॉक्टरांना विचारा.

राहिली तंबाखू. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला हा कॅन्सर होण्याची शक्यता वाढते, आणि खाण्याच्या तंबाखूलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं कारण मानलं आहे. म्हणजे आपला खर्राही त्यात आला. तेंदूपत्त्याचे पुडे बांधून आपण चार पैसे मिळवतो आणि त्याच पानाची बिडी होते. या पेचावर पुढच्या भागात बोलू. तोवर तुमच्या गावात खर्रा घोटणाऱ्या टपऱ्या किती आहेत, ते मोजून ठेवा.