ओव्हरक्लॉकिंग
संगणकाचा प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड उत्पादकाने ठरवलेल्या वारंवारितेपेक्षा अधिक वेगाने चालवणे. घरच्या संगणकावर खेळ अडखळू नयेत, हा बहुधा हेतू. इंटेलचा १९९८ मधील सेलेरॉन ३००ए हे याचे गाजलेले उदाहरण. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसची (त्याला इतर भागांशी जोडणाऱ्या मार्गाची) वारंवारिता गुणिले एक ठरावीक गुणक; त्याचा ४.५ हा गुणक बदलता येत नसे. पण मदरबोर्डवरील बसची वारंवारिता ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली, की ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्त प्रोसेसर ४५० वर धावे आणि खेळांत कितीतरी महागड्या पेंटियम टूची बरोबरी करी. प्रत्येक नग तेवढे सोसेलच, असे मात्र नसे. वाढीव वेग स्थिर राहावा म्हणून व्होल्टता वाढवल्यास वीजवापर साधारणतः तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून खरी मर्यादा उष्णतेची. आजचे प्रोसेसर तापमान पाहून स्वतःच वेग कमी-जास्त करतात, त्यामुळे या खटाटोपाचा लाभ बराच घटला आहे. पंख्यावरची धूळ झटकणे अनेकदा अधिक उपयोगी पडते.