नाणेघाटातील मुक्काम

१/ पावसाळ्यात जीवधन आणि नाणेघाट पाहण्यासाठी येणारे अनेकजण घाटघरला एखाद्या घरी जेवतात, मुक्काम करतात. या डोंगरमाथ्यावरील पाहुणचाराची परंपरा सुमारे दोन हजार वर्षांची आहे.

२/ सोपारा, कल्याण ही कोकणातील बंदरे आणि जुन्नरची बाजारपेठ यांना जोडणारा नाणेघाट हा सातवाहनकाळातील प्रमुख व्यापारी मार्ग होता. उभी चढण चढून आलेल्या तांड्याला माथ्याजवळ दोन गोष्टी हव्या असत: निवारा आणि पाणी.

३/ निवारा राजघराण्याने दिला. येथील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्रसिद्ध लेख आहे. यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांची त्यात मोजदाद आहे. मागील भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका आदींच्या प्रतिमा होत्या.

४/ पाणी मात्र सामान्यांनीही दिले. सोपाऱ्याच्या गोविंददासाने येथे ‘पोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, दान केले. पुढे वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या १३व्या राज्यवर्षी दामघोष नावाच्या गृहपतीनेही टाके खोदविले. दोघांचेही लेख उपलब्ध आहेत.

५/ शिवनेरीच्या लेण्यांत तर चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. परदेशी वंशाचा दाता आणि जुन्नरच्या डोंगरातील पंगत!

६/ राजघराण्याच्या त्या प्रतिमा आज भग्न आहेत. उरली आहेत केवळ पावले आणि वर कोरलेली नावे. टाकी मात्र टिकून आहेत. वाटसरूच्या तहानेची काळजी घेणारा गोविंददास कोणत्याही वंशावळीत नाही, पण घाटाच्या इतिहासात त्याचे स्थान राजाइतकेच पक्के आहे.