मोबाइल साधनांद्वारे दूरपरिचर्या

दूरपरिचर्या किंवा टेलिनर्सिंग म्हणजे रुग्णापासून दूर असलेल्या परिचारिकेने दूरसंचाराच्या साहाय्याने केलेली शुश्रूषा होय. तिच्यासाठी स्मार्टफोन व टॅबलेट, तसेच पल्स ऑक्सिमीटर, डिजिटल रक्तदाबमापक आणि ग्लुकोमीटर ही हातात मावणारी साधने वापरली जातात. घरी किंवा उपकेंद्रात घेतलेल्या नोंदी परिचारिकेपर्यंत पोहोचतात. त्या तपासून ती सल्ला देते, पुन्हा मोजायला सांगते अथवा रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवते. आकडा वेळेवर वाचून त्यावर निर्णय घेणारी व्यक्ती नसेल, तर या साधनांचा रुग्णाला फारसा उपयोग होत नाही.

इतिहास

दूरध्वनीवरून सल्ला देणे ही दूरपरिचर्येची जुनी पद्धत आहे. इंग्लंडमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या 'एनएचएस डायरेक्ट' या सेवेत परिचारिका संगणकीय प्रश्नावलीच्या आधारे रुग्णांना मार्गदर्शन करीत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पामपायलटसारखे हातसंगणक आले आणि औषधांची माहिती व नोंदी परिचारिकेच्या खिशात आल्या. पुढे त्यांची जागा स्मार्टफोनने घेतली. पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी शोधले होते. मात्र हे यंत्र सामान्य घरांत मोठ्या प्रमाणावर पोहोचले ते कोविड-१९ च्या साथीत.

भारतातील वापर

२०१६ साली आंध्र प्रदेशात 'अनमोल' हे टॅबलेटवरील उपयोजन सुरू झाले. उपकेंद्रातील परिचारिका, म्हणजे एएनएम, गरोदर माता व बालकांच्या नोंदी त्यावर करते. इंटरनेट नसतानाही नोंद करता येते व जोडणी मिळाल्यावर ती पुढे पाठवता येते. वाडीवस्तीवर फिरणाऱ्या परिचारिकेसाठी ही सोय महत्त्वाची आहे.

केंद्र सरकारच्या २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी आरोग्य कर्मचाऱ्यामार्फत होणाऱ्या दूरसल्ल्याला स्पष्ट स्थान दिले. परिचारिका रुग्णाची तपासणी करून निष्कर्ष डॉक्टरांना कळवू शकते. निदान व औषधयोजनेची जबाबदारी मात्र डॉक्टरांचीच राहते. 'ई-संजीवनी' सेवेतही आरोग्य केंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतो. या पदावर परिचर्येचे पदवीधर किंवा पदविकाधारक, तसेच आयुर्वेद पदवीधर काम करतात.

महाराष्ट्रात १५ सप्टेंबर २०२० पासून राबवलेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत पथकांनी घरोघरी जाऊन ऑक्सिमीटरने प्राणवायूची पातळी व तापमान मोजले. गृहविलगीकरणातील रुग्णांना स्वतःच्या नोंदी ठेवण्यास सांगितले जाई. केंद्राच्या एप्रिल २०२१ च्या सूचनांत ९४ टक्क्यांपेक्षा कमी पातळी हा वैद्यकीय मदत घेण्याचा इशारा मानला होता. कोविडमध्ये धाप न लागताही पातळी घसरत असल्याने ही साधी मोजणी निर्णायक ठरे.

परिणामकारकता

हृदयनिकामीपणाच्या रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांहून भिन्न आहेत. अमेरिकेतील 'टेली-एचएफ' चाचणीत (२०१०) १,६५३ रुग्ण होते. रुग्णाने रोज एका स्वयंचलित दूरध्वनी यंत्रणेला लक्षणे व वजन कळवायचे, अशी योजना होती. पुनर्भरती व मृत्यू यांत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फरक पडला नाही. सुमारे १४ टक्के रुग्णांनी यंत्रणा एकदाही वापरली नाही. जर्मनीतील 'टीआयएम-एचएफ-२' चाचणीत (२०१८) वजन, रक्तदाब, हृदयालेख व प्राणवायूची पातळी रोज बर्लिनमधील केंद्राकडे जात असे. तेथे डॉक्टर व परिचारिका २४ तास उपलब्ध असत. हृदयविकारामुळे अचानक दाखल होणे किंवा मृत्यू यांमुळे गमावलेले दिवस वर्षाकाठी सरासरी १७.८ भरले, नेहमीच्या उपचारांत ते २४.२ होते. दोन्ही चाचण्यांतील रुग्ण व उपकरणे वेगळी असल्याने सगळे श्रेय केंद्रातील मनुष्यबळालाच देता येत नाही, तरी हा भेद दुर्लक्षिण्याजोगा नाही.

मर्यादा

थंड बोटे, नेलपॉलिश किंवा हालचाल यांमुळे ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो. त्वचेचा रंगही परिणाम करतो. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यंत्राने ९२ ते ९६ टक्के पातळी दाखवली असताना धमनीतील रक्तात ती प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी असल्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर श्वेतवर्णीयांत ३.६ टक्के आढळले. म्हणून दूरध्वनीवर बोलताना परिचारिका आकड्याबरोबरच रुग्णाला वाक्य एका दमात पूर्ण करता येते का, याकडेही लक्ष देते. रक्तदाब मोजताना दंडपट्टा योग्य मापाचा असावा लागतो आणि त्याआधी रुग्णाने सुमारे पाच मिनिटे शांत बसावे लागते. हे घरी अनेकदा पाळले जात नाही.

गोपनीयतेचा प्रश्न निराळा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९–२१) नुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल भारतातील सुमारे ५४ टक्के महिलांकडेच होता. उर्वरित महिलांच्या बाबतीत परिचारिकेचा फोन बहुधा पती किंवा सासरचे कोणी उचलते. अशा वेळी गर्भपात, कुटुंबनियोजन किंवा घरातील मारहाण यांविषयी फोनवर विचारणे धोक्याचे ठरू शकते आणि ती विचारपूस प्रत्यक्ष भेटीतच करावी लागते.