बारवेपासून हापशापर्यंत

महिदपूर म्हटले की आम्हा इतिहासाच्या शिक्षकांना २१ डिसेंबर १८१७ ही तारीख आठवते. उज्जैन जिल्ह्यातल्या या गावापाशी, क्षिप्रेच्या काठी, इंग्रजांनी होळकरांच्या फौजेचा पराभव केला. हा धडा मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. पण त्या मुलुखातली माणसे पाणी कुठले पीत होती, हे ना पाठ्यपुस्तक विचारते, ना परीक्षा.

उज्जैनशी मराठी माणसाचे नाते जुने. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. पुढे अहिल्याबाई होळकरांनी घाटांबरोबरच विहिरी आणि बारवाही बांधल्या. तहानलेल्याला पाणी पाजण्यासारखे पुण्य नाही, ही त्यामागची श्रद्धा. माळव्यात बारवेला बावडी म्हणतात. दगडी पायऱ्या उतरून थेट पाण्यापाशी जावे; ना दोर लागे, ना रहाट.

पण नेमका या सोयीतच रोग दडलेला होता. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की त्याच्या पायाच्या जखमेतून जंताची असंख्य पिल्ले पाण्यात पडत. डोळ्यांना न दिसणारे जलकीटक ती गिळत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभराने हातभर लांबीचा नारू बाहेर येई. माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे. बारव बांधणाऱ्यांच्या हेतूत खोट नव्हती. फेडचेन्को या रशियन संशोधकाने हे चक्र उलगडले तेच मुळी १८७० च्या सुमारास.

हे चक्र तोडण्यात हापशाचा वाटा मोठा, आणि त्याचे मूळ आपल्याच दुष्काळी मुलुखात आहे. परदेशी धाटणीचे बिडाचे हातपंप एका कुटुंबापुरते. साऱ्या गावाने हापसले की मोडत. जालना आणि सोलापूर येथे कारागिरांनी पोलादी, दणकट पंप घडवले. सोलापूरच्या पंपावरूनच युनिसेफच्या साहाय्याने १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क २’ तयार झाला. बोअरचे तोंड बंद, भोवती सिमेंटचा ओटा. पाण्यात पाय बुडण्याचा प्रश्नच उरला नाही. १९८० च्या दशकात नारू निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू झाली. मध्य प्रदेशात, तसेच सीमेच्या दोन्ही अंगांना, महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही, ती राबवली गेली. बारवांच्या पायऱ्या बंद करून त्यांच्या पोहऱ्याने शेंदायच्या विहिरी केल्या. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला, आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर केले.

येथे गोष्ट संपती तर बरे होते. पण माळव्याखाली आपल्यासारखाच काळा पाषाण; पाणी साठते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात. शेतीसाठी विजेचे पंप खोल खोल गेले, तसे उन्हाळ्यात हापसे कोरडे पडू लागले. खुद्द क्षिप्रेत नर्मदेचे पाणी उचलून आणण्याची योजना २०१४ मध्ये सुरू करावी लागली. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने घरात देण्याचे ठरवले. नळ घरात येईल, यावा; पण जमिनीत पाणी मुरवल्याशिवाय तो वाहणार कशाच्या बळावर?

घाटांच्या दगडांवर बांधणाऱ्यांची नावे असतात. हापशावर कुणाचे नाव नसते. तरी मुलांनी वहीत १८१७ च्या खाली २००० हे सालही लिहावे, असे मला वाटते. त्या लढाईत आपण जिंकलो होतो.